फोन आणि कंपनी दोन्ही बदलायचंय, फराळाचा सगळा धंदा फोनमध्ये आहे (इंदूर) – जाणकारांनी सांगा

फराळघर_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. मी इंदूरला राजेंद्र नगरमधे घरूनच फराळ आणि पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते, बऱ्याच वर्षांपासून. फोन चार वर्षं जुना आहे, मागच्या महिन्यात कंपनीचा अपडेट आला तो टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले वॉरंटी संपली, डिस्प्ले बदलावा लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली तर साधा नवीन फोन येईल. कंपनीचं नाव घेत नाही पण आता पुन्हा त्यांच्याकडे जायचं नाही हे नक्की ठरवलंय.

बजेट तीस-पस्तीस. मुलगा पुण्याला असतो तो म्हणतो आई आयफोन घे, जुना घेतलास तरी चालेल. हे म्हणतात त्याच कंपनीचा घे म्हणजे सगळं आपोआप येईल, नवीन काही शिकायला नको. मला कॅमेरा बरा पाहिजे (चकलीचे फोटो पिवळट येतात सध्या), पण खरी काळजी वेगळी आहे. ऑर्डरी व्हॉट्सॲप बिझनेसवर, कुणाचे किती पैसे बाकी ते फोनच्या नोट्समधे, फोनवर आलेल्या ऑर्डरी कॉल रेकॉर्डिंगमधे, आणि आमच्या सासूबाईंनी ग्वाल्हेरहून पाठवलेले व्हॉइस मेसेज, त्यात अनारशाचं, कडबोळ्यांचं प्रमाण त्यांच्या तोंडून सांगितलेलं आहे. कंपनी बदलली तर यातलं काय येतं आणि काय मागे राहतं? दिवाळीचं बुकिंग सुरू व्हायच्या आत करायचंय.

पाताळपाणी

ताई, कोणता फोन घ्यायचा ते नंतर. आधी आज संध्याकाळी जुना फोन घेऊन बसा आणि प्रत्येक गोष्ट नेमकी कुठे सेव्ह होतेय ते बघा, कारण कंपनी बदलताना जे गूगलमधे आहे ते येतं आणि जे कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधे आहे ते बहुतेक अडकतं.

पहिलं कॉन्टॅक्ट. बऱ्याच फोनमधे नवीन नंबर सेव्ह करताना तो 'फोन'मधे जातो किंवा कंपनीच्या अकाउंटमधे जातो, गूगलमधे जातच नाही. कॉन्टॅक्ट ॲपच्या सेटिंगमधे दिसेल. तिथून सगळे एक्स्पोर्ट करा, व्हीसीएफ नावाची एकच फाइल बनते, ती स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

दुसरं तुमच्या नोट्स. उधारी-बाकीचा हिशेब कंपनीच्या नोट्स ॲपमधे असेल तर तो दुसऱ्या कंपनीच्या फोनमधे उघडणार नाही, काही ट्रान्सफर ॲप नोट्स नेतात काही नेत नाहीत, त्या भरवशावर राहू नका. गूगल कीपमधे (गूगलचं नोट्सचं ॲप) कॉपी करा, कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचंय. 'प्रायव्हेट सेफ' किंवा लपवलेल्या अल्बममधे फोटो असतील तर ते आधी बाहेर काढा, तेही आपोआप जात नाहीत.

तिसरं व्हॉट्सॲप. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर कंपनी कुठलीही असो फरक पडत नाही. गूगल ड्राइव्हवर बॅकअप घेऊन नवीन फोनवर उतरवता येतं, नाहीतर सेटिंगमधे चॅट्समधे 'ट्रान्सफर चॅट्स' आहे, 2023 पासून आलंय, दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर स्कॅन करायचा. ड्राइव्हचा बॅकअप आता गूगलच्या फुकटच्या 15 जीबीमधे मोजला जातो, आधी मोजत नव्हते. त्यामुळे जीमेल आणि फोटोंनी जागा भरली असेल तर बॅकअप अर्ध्यावर थांबतो आणि आपल्याला वाटत राहतं की रोज होतोय. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते वाचा.

भिया_इंदोरी

काकू मी तर तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. आयफोन घ्या आणि पाच-सहा वर्षं विसरून जा. 2018 चा एक्सआर होता आमच्या घरी, त्याला 2024 चं आयओएस 18 मिळालं, अँड्रॉइडमधे तेव्हाच्या कुठल्या फोनला मिळालं सांगा. आणि विकायला गेलं की भावपण चांगला येतो. आता 15 पासून टाइप सी आहे त्यामुळे चार्जरची कटकटपण नाही. लोक उगीच घाबरवून राहिले, मूव्ह टू आयओएस नावाचं ॲप आहे त्याने सगळं येतं.

पाताळपाणी

@भिया_इंदोरी, येतं पण अटी आहेत आणि त्या अटी दुकानात कुणी सांगत नाही. 2022 पासून व्हॉट्सॲप अँड्रॉइडवरून आयफोनवर नेता येतं, पण आयफोन एकदम नवा किंवा पूर्ण रीसेट केलेला पाहिजे, म्हणजे पहिल्यांदा चालू करताना जो सेटअप होतो तेव्हाच करायचं, दोन्ही फोन चार्जिंगला लावून, एकाच वायफायवर. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरतच नाही. दुकानदार हौसेने फोन चालू करून देतो, ॲपल आयडी टाकून देतो, सगळे खूश होऊन घरी जातात आणि रात्री कळतं की चॅट आणायचे तर फोन पुन्हा पुसावा लागेल. आणि आयक्लाउड फुकट फक्त 5 जीबी.

अपडेटचं म्हणाल तर 2018 मधे तुमचं खरं होतं, आता चित्र बदललंय. गूगलच्या पिक्सेल 8 पासून सात वर्षं, सॅमसंगच्या एस 24 पासून सात वर्षं, आणि ए 16 फाइव्हजी सारख्या स्वस्त मॉडेललाही सहा वर्षं देतात. तीस-पस्तीसमधे जुना आयफोन घेतला तर त्याची दोन-तीन वर्षं आधीच उडालेली असणार.

भिया_इंदोरी

ए 16 ला सहा वर्षं हे माहीत नव्हतं, हे चांगलं आहे. पण सहा वर्षं अपडेट मिळून फोन सहा वर्षं चांगला चालेल असं नाही ना भिया, स्वस्त प्रोसेसर चौथ्या वर्षी रडतो. अपडेट आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाताळपाणी

हे मान्य. म्हणूनच पस्तीसचं बजेट असताना पंधरा-सोळाचा फोन घेऊ नये असं मी म्हणेन. सॅमसंगच्या ए मालिकेत वरचे मॉडेल बघावेत, 8 जीबी रॅम, 256 ची जागा. जाहिरातीत '8 अधिक 8' लिहितात त्यातली दुसरी 8 खरी रॅम नसते, स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते, ती मोजू नका.

फराळघर_राजेंद्रनगर

खूप खूप धन्यवाद. बॅकअपची तारीख बघितली, मार्चची निघाली!! इतके दिवस तिथे 'पूर्ण' लिहिलंय असंच मला वाटत होतं. सासूबाईंचे मेसेज बॅकअपमधे येतात ना? मला ते चॅटमधे नाही मिळाले तरी चालतील, पण हरवायला नकोत, त्यांना आता नीट बोलता येत नाही.

पाताळपाणी

येतात. पण इतक्या मोलाची गोष्ट एकाच बॅकअपवर सोडू नका. ते प्रत्येक व्हॉइस मेसेज फोनमधे वेगळी फाइल म्हणून पडलेले असतात. फाइल मॅनेजर उघडा, इंटरनल स्टोरेज, अँड्रॉइड, मग मीडिया, त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर (बिझनेसचं वेगळं असतं, सासूबाई कोणत्या नंबरवर पाठवायच्या ते बघा), मग पुन्हा मीडिया, तिथे व्हॉइस नोट्स. आठवड्यांप्रमाणे फोल्डर असतात, फाइली ओपस प्रकारच्या. पूर्ण फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा आणि एक पेनड्राइव्हवर. लॅपटॉपवर व्हीएलसीमधे वाजतात. नावात तारीख असते, त्यावरून अनारसे कोणते नि कडबोळी कोणती शोधून फाइलीला मराठीत नाव देऊन ठेवा. हे नवीन फोन घ्यायच्या आधीच करा, रेघवाली स्क्रीन कधी पूर्ण काळी पडेल सांगता येत नाही आणि स्क्रीन गेली की अनलॉक करणंच अवघड होतं.

सुदामानगरची_सून

हे वाचून मीपण आत्ता लगेच आईच्या चॅटचं फोल्डर कॉपी करायला घेतलं. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

जुनी_कॅशियर

मी बँकेतून निवृत्त झालेय, पैशाचं मी सांगते कारण दिवाळीच्या तोंडावर तेच नडतं.

नवीन फोनवर यूपीआय सुरू करताना ॲप तुमच्या सिममधून बँकेला एक एसएमएस पाठवतं. म्हणजे बँकेत नोंदलेला नंबर ज्या सिमचा तेच सिम त्या फोनमधे हवं, त्यात एसएमएस जाण्याइतका रिचार्ज हवा, आणि दोन सिम असतील तर ॲप विचारेल तेव्हा बरोबर सिम निवडायचं. एसएमएस गेला नाही की लोक बँकेत येऊन भांडतात, नव्वद टक्के वेळा, असं मी म्हणेन, चुकीचं सिम निवडलेलं असतं. पिन जुनाच चालतो.

नवीन फोनवर पहिले 24 तास एकूण 5000 रुपयांपर्यंतच पाठवता येतात, आयफोन असेल तर बऱ्याच बँका हाच नियम 72 तास लावतात. ही मर्यादा पाठवण्यावर आहे. गिऱ्हाइकांकडून येणारे पैसे येत राहतील, तुमचा छापलेला क्यूआरपण बदलत नाही कारण तो यूपीआय आयडीला जोडलेला असतो, फोनला नाही. पण सियागंजच्या घाऊक बाजारात तूप, साखर, सुकामेवा भरायला जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन बदलू नका, दुकानात बिल होईल आणि पैसे जाणार नाहीत.

आणि कृपा करून फोन आणि सिम एकाच दिवशी बदलू नका. नवीन सिम घेतलं की सुरक्षेसाठी 24 तास एसएमएस बंद असतात, ओटीपी येत नाही. ई-सिम करायचं असेल तर पुढच्या आठवड्यात करा.

झांकीप्रेमी

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द. चकली पिवळट येते त्यात अर्धा दोष ट्यूबलाइट-बल्बचा आहे, खिडकीशी ताट ठेवून काढा, जुन्या फोनमधेही फरक दिसेल. मी दरवर्षी अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्यांचे (मिरवणुकीतल्या रोषणाईच्या देखाव्यांचे) फोटो काढतो, रात्री, हलणारे, चमचमते दिवे, यापेक्षा कठीण परीक्षा कॅमेऱ्याची नसेल. माझं मत असं की मेगापिक्सेलचा आकडा वाचूच नये, 'ओआयएस' (हात हलला तरी भिंग स्थिर ठेवणारी सोय) आहे का ते बघावं आणि दुकानात कमी उजेडाच्या कोपऱ्यात स्वतः फोटो काढून बघावा. पिक्सेलचे रंग मला सगळ्यात खरे वाटतात, सॅमसंग थोडे भडक करतो पण खाण्याच्या फोटोला ते वाईट दिसत नाही.

ओआयएसवाला फोन घेतलात तर एक करा, डिलिव्हरीला ॲक्टिवावर जाता तेव्हा फोन हँडलच्या होल्डरला लावू नका. भिंग स्थिर ठेवणारा जो नाजूक भाग असतो तो गाडीच्या कंपनाने खराब होतो, 2021 मधे ॲपलने स्वतःच मोटरसायकलबद्दल तशी सूचना दिली होती. त्यात मे महिन्यातलं आपलं ऊन, बॅटरीला उष्णतेइतकं वाईट काहीच नाही.

रंगपंचमी_राजवाडा

आयपी 68 (पाणी-धूळ रोखण्याचं रेटिंग) बद्दलही लिहा कुणीतरी. गेरमधे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, टँकरचं पाणी आणि गुलाल दोन्ही उडतात आणि लोक वॉटरप्रूफ आहे म्हणून बिनधास्त फोन बाहेर काढतात. ती चाचणी स्वच्छ साध्या पाण्यात होते. आणि पाणी आत गेलं तर वॉरंटी लागू होत नाही, रेटिंग असलं तरी नाही, कार्डावर लिहिलेलं असतं. काकूंच्या स्वयंपाकघरात पीठ आणि तुपाचे हात, तिथे चार्जिंगचं भोक झाकणारं कव्हर घ्या.

फराळघर_राजेंद्रनगर

सगळ्यांचं वाचतेय, वहीत लिहून घेतेय. कॉल रेकॉर्डिंगचं कुणी सांगाल का? वयस्कर गिऱ्हाइकं फोनवरच ऑर्डर देतात, "दोन किलो चिवडा, एक किलोत शेंगदाणे नको" असं, मी तळत असताना लिहून घेता येत नाही. त्यांना सांगितलेलं आहे की रेकॉर्ड होतं.

पाताळपाणी

तुमच्या कामात हा मुद्दा कॅमेऱ्यापेक्षा मोठा आहे. गूगलने मे 2022 मधे प्ले स्टोअरवरच्या ॲपना कॉल रेकॉर्ड करायचा रस्ता बंद केला, त्यामुळे आता फोनमधे कंपनीने जे दिलंय तेच. ज्या फोनमधे गूगलचा डायलर (कॉल लावायचं ॲप) आहे त्यात रेकॉर्डिंग सुरू झालं की बाई दोन्हीकडे बोलते की कॉल रेकॉर्ड होतोय. सॅमसंगचा डायलर स्वतःचा आहे, त्यात रेकॉर्डिंग आहे आणि आपोआप लावून ठेवता येतं. आयफोनमधे आयओएस 18.1 पासून आलं, तेही घोषणेसहित, आणि दर कॉलला बटण दाबावं लागतं. पिठाच्या हाताने बटण कुठे दाबणार.

घोषणा असो नसो, गिऱ्हाइकाला सांगूनच रेकॉर्ड करावं, ते तुम्ही करताच आहात.

जुन्या रेकॉर्डिंगचं फोल्डर पण व्हॉइस नोट्ससारखंच हाताने कॉपी करा.

रामबाग_जोशी_गल्ली

मी थोडं उलट बोलतो. ताई, जुन्याच कंपनीचा फोन घ्या असं नाही म्हणत, पण कंपनी बदलून प्रश्न सुटेल असंही समजू नका. हिरवी रेघ वेगवेगळ्या कंपन्यांच्या अमोलेड स्क्रीनवर आलेली आहे. माझ्याकडे जो फोन आहे तो तुमच्या जुन्या कंपनीचा नसणार बहुतेक, त्यालाही आली. त्यापेक्षा सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे, डिस्प्लेचा भाव काय, हे घ्यायच्या आधी विचारा. मी आता फोनची किंमत बघतो तेव्हा शेजारी डिस्प्लेची किंमत लिहितो. आणि भांडायची वेळ आली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, अपडेटनंतर रेघ आली ती तारीख आणि सर्व्हिस सेंटरचा जॉबशीट जोडा. कित्येकदा कंपनी त्यानंतर नरम येते.

फराळघर_राजेंद्रनगर

@रामबाग_जोशी_गल्ली दादा, जॉबशीट आहे माझ्याकडे, तक्रार करते. पण फोन मला आता हवाच आहे. आणि कंपनी बदलायचं कारण फक्त रेघ नाही हो. तिथल्या मुलाने माझ्याशी ज्या पद्धतीने बोललं, "आंटी चार साल चल गया ना", ते मनातून जात नाही. चार वर्षांत मी एकदाही पाडला नाही तो फोन.

रामबाग_जोशी_गल्ली

मग बदलाच. अगदी बरोबर आहे तुमचं.

भिया_इंदोरी

काकू जेल रोडला डॉलर मार्केटमधे कव्हर, काच, केबल घ्या, फोन मात्र पक्क्या बिलावरच घ्या, कुठूनही घ्या. कुणी "बिल के बिना दो हजार कम" म्हणालं तर निघून या, बिल नसेल तर वॉरंटीला आणि तक्रारीला दोन्हीकडे अडकता. आणि जुना आयफोन घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर *#06# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घ्या, 14422 वर के वाय एम, मग स्पेस, मग तो नंबर असा एसएमएस करा (के वाय एम इंग्रजीत), चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर कळतं. आयफोनची बॅटरी हेल्थपण बघा, 14 पर्यंतच्या मॉडेलला ॲपलच 500 चार्जनंतर 80 टक्के धरतं, 15 पासून 1000.

सुदामानगरची_सून

हप्त्यावर घेणार असाल तर 'नो कॉस्ट' लिहिलं असलं तरी विचारा. प्रोसेसिंग फी असते आणि क्रेडिट कार्डावर व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लागतो, व्याज डिस्काउंटमधून परत दिलं तरी तो जीएसटी परत येत नाही. छोटी रक्कम आहे पण माहीत असावी.

फराळघर_राजेंद्रनगर

घेतला! सॅमसंगच्या ए मालिकेतला, 8 आणि 256 वाला, रोख, पक्कं बिल. मुलगा थोडा नाराज आहे पण कॉल रेकॉर्डिंगचं सांगितल्यावर तोही म्हणाला मग ठीक आहे.

सासूबाईंच्या फाइली आधीच लॅपटॉपवर घेतल्या, नणंदेलाही पाठवल्या, तिने एक ऐकून फोन केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. कॉन्टॅक्ट सॅमसंगच्या स्मार्ट स्विच ॲपने आले, चॅट क्यूआरने आले. नोट्स मी हाताने कीपमधे टाकल्या होत्या. यूपीआय शनिवारी सुरू केलं म्हणजे सोमवारी सियागंजला अडचण नको, कॅशियरताईंचे विशेष आभार.

दोन प्रश्न राहिलेत. डब्यात चार्जर नाही, जुन्या कंपनीचा 80 वॅटचा आहे त्याने चालेल का? खूप हळू होतंय. आणि मराठी लिहिताना आधी मी इंग्रजी अक्षरात टाइप करून मराठी यायचं, यात तसं येत नाहीये.

पाताळपाणी

अभिनंदन! चार्जर चालेल, फोन खराब होणार नाही. पण 80 वॅट त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे आहेत, दुसऱ्या फोनला तो साधाच वेग देतो. 25 वॅटचा 'पीडी पीपीएस' लिहिलेला टाइप सी चार्जर घ्या, कुठल्याही चांगल्या कंपनीचा, त्यासोबत दोन्ही टोकांना टाइप सी असलेली केबल.

कीबोर्ड सॅमसंगचा लागलेला असेल. प्ले स्टोअरवरून जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) घ्या, भाषांमधे मराठी निवडताना खाली मांडणीचे प्रकार येतात त्यात 'ए बी सी' वाला निवडा. मग सेटिंगमधे जाऊन तोच डिफॉल्ट करा.

जुनी_कॅशियर

ताई, जुना फोन लगेच देऊन टाकू नका. बँकेच्या ॲपमधून त्यावरचं लॉगिन काढा, पण फोन महिनाभर घरी राहू दे, कुठलं तरी जुनं अकाउंट "तुमच्या दुसऱ्या फोनवर हो म्हणा" असं विचारतंच.

झांकीप्रेमी

आणि देताना आधी गूगल अकाउंट सेटिंगमधून काढायचं, मगच रीसेट. नुसता बटणं दाबून रीसेट केला तर समोरच्याला चालू करताना तुमचाच पासवर्ड मागतो आणि तो परत तुमच्या दारात येतो.

फराळघर_राजेंद्रनगर

कीबोर्ड जमला, हे त्यावरूनच लिहितेय. रेघवाल्याला एक्सचेंजमधे फारच कमी देत होते म्हणून दिला नाही. आता स्वयंपाकघरात वायफायवर ठेवलाय, सासूबाईंच्या फाइलींना नावं दिली आहेत, भाजणी करताना लावते. उद्यापासून चकलीचं बुकिंग घेतेय, राजेंद्र नगर, सुदामा नगर, रामबागला घरपोच.

रंगपंचमी_राजवाडा

आमची दोन किलो लिहा, एक किलो कमी तिखट. फोन करू की इथेच चालेल?

फराळघर_राजेंद्रनगर

फोन करा, रेकॉर्ड होईल.